हात टेकणे

मुयनाकच्या तोंडचं पाणी पळालं
तेव्हा मी जन्मायचा होतो.
अरल समुद्र म्हणजे माझ्या लेखी
वाळूत रुतलेली गंजकी गलबतं,
आणि आईची एक खोड:
घराबाहेर पाऊल टाकताना
ती ओठांवरून जीभ फिरवते,
वारा कुठल्या दिशेचा ते चवीवरून सांगते.

आईचं नाव ताझागुल. वय सदुसष्ट.
माशांच्या कारखान्यात डबे भरायची,
आता समुद्राच्या तळावर झाडं लावते.
मी ट्रॅक्टरनं सरी ओढतो,
मागून बायका येतात, त्यात सगळ्यात मागे ती.
एका खड्ड्याला एक सक्सौल,
एका सक्सौलला एक बिस्मिल्ला.

मी आरशातून बघत हिशोब करतो.
शंभरातली चाळीस जगली तर साहेब खूश.
मग उरलेल्या साठ बिस्मिल्लांचं काय होतं,
एकदा विचारलंच तिला.
"त्या काय झाडासाठी म्हणते होय मी?"
एवढंच बोलली,
आणि पुढच्या खड्ड्याकडे सरकली.

गेल्या फाल्गुनात, म्हणजे आमच्या वादळांच्या महिन्यात,
पेरीझात गेली. माझी मुलगी. सहा वर्षांची.
नुकुसच्या इस्पितळापर्यंत तीन तास
तिच्या छातीत कुणीतरी दोर ओढत होतं.
डॉक्टर म्हणाला, फुप्फुसात मीठ आहे.
ज्या समुद्रात ती कधी भिजली नाही
त्याचं मीठ.
डॉक्टरनं हात टेकले.
मीही टेकले.
बायकोनं कझाकस्तानातल्या भावाला फोन लावला,
घर विकायचं किती येईल म्हणून.

आणि आई आठव्या दिवशी
फावडं घेऊन ट्रॅक्टरपाशी उभी.

राग आला मला. अजून आहे.

दुपारच्या नमाजाला
पिंपात पाणी असतं, पण ते रोपांचं.
त्यातलं ओंजळभरही ती वजूला घेत नाही.
खाली बसते, दोन्ही हात टेकते
समुद्र होता त्या जमिनीवर,
आणि ती धूळ तोंडावरून फिरवते, मग हातांवरून.
पाणी नसेल तिथे मातीनं शुद्ध व्हावं,
अशी सवलत आहे म्हणे.
खारी माती चालेल का, यावर
गावातला तरुण मुल्ला जरा अडखळला होता.
आई म्हणाली, "माझ्या बापाला हिनं पोसलं.
तू पुस्तकात बघ, मी तोवर उरकते."

परवा वादळ आलं ते उत्तरेकडून.
आधी क्षितिज पुसलं गेलं, मग गलबतं,
मग माझ्याच ट्रॅक्टरचं नाक दिसेना.
चाकाच्या आडोशाला बायका गुडघ्यांत डोकी घालून.
मला वाटलं, आई आता देवाला म्हणेल, थांबव.
कान लावला तिच्या तोंडाशी.
ती मोजत होती.
"दोनशे बारा, दोनशे तेरा..."
सकाळपासून लावलेली रोपं,
एकेक करून त्याच्या हवाली करत होती,
बाजाराला जाताना शेजारणीकडे
पोरं ठेवावीत तशी.
एका ठिकाणी आकडा थांबला.
ओठ हलले, आवाज नाही.
मला वाटतं, नाव होतं ते.
मग पुढचा आकडा.

तासाभरानं उजेड परतला.
सऱ्या सपाट. जणू कुणी काही लावलंच नव्हतं.
आईचं फावडंही गाडलं गेलेलं.
ते शोधायला मी वाकलो,
दोन्ही हात टेकले मातीवर,
आणि चाचपडत राहिलो.

नमाज नव्हती ती. सांगून ठेवतो.
मला एकही आयत धड येत नाही.

बोटांना फावडं लागलं नाही,
एक काडी लागली, ओली, वाकलेली.
भोवतीची वाळू काढली तशी
हळूच उभी राहिली.
तोंडावर घाम होता की काय,
हातानं पुसला.

आई पाठीमागे केव्हा आली कळलं नाही.
शाबासकी नाही, हुंदका नाही.
म्हणाली,
"पलीकडची सरही बघ."